खाऱ्या पाण्याच्या टँकमधले बटरफ्लायफिश

बटरफ्लायफिश हे प्रवाळखडकांच्या आसऱ्याने राहणाऱ्या, उभट आणि दोन्ही बाजूंनी दबलेल्या अंगाच्या माशांचे कुळ आहे. कीटोडॉन्टिडी हे त्याचे शास्त्रीय नाव. त्यात सुमारे १३० प्रजाती असून बहुतेक हिंदी आणि प्रशांत महासागरांत सापडतात. पिवळा, पांढरा आणि काळा हे त्यांचे नेहमीचे रंग. बहुतेकांच्या डोळ्यावरून काळा पट्टा उतरतो आणि काहींच्या शेपटीकडे डोळ्यासारखा ठिपका असतो. शिकाऱ्याला खरे डोके कोणत्या बाजूला आहे हे कळू नये, यासाठी ही योजना असावी असे मानले जाते. दिवसभर खडकांतून टिपत हिंडायचे आणि अंधार पडला की कपारीत शिरून झोपायचे, हा त्यांचा क्रम. पुष्कळ प्रजाती जोडीने राहतात आणि ही जोडी वर्षानुवर्षे टिकते.

टँकमध्ये या माशांचे काय होणार हे त्यांच्या तोंडावर ठरते. तोंड लहान आणि पुढे निमुळते असून आत बारीक, दाट, केसाळ दात असतात. असे तोंड मोठा घास गिळण्यासाठी बनलेले नाही. प्रवाळाचे जिवंत पॉलिप, नळीत राहणाऱ्या कृमींची पिसाऱ्यासारखी डोकी, समुद्रफुलांचे तुकडे, खडकाच्या फटीतले बारीक जीव असे काहीबाही ते दिवसभर टिपत असते. घरी आणलेला बटरफ्लायफिश महिन्याभरात दगावला की दोष पाण्याला देण्याची रीत आहे. पाणी कधी कधी खरोखरच बिघडलेले असते. पण बऱ्याच वेळा मासा उपाशी राहून मेलेला असतो. म्हणून प्रजातीची निवड हा सगळ्यांत मोठा निर्णय ठरतो. तो चुकला, तर पाण्यातली घाण काढणारे महागडे स्किमर आणि पाणी थंड ठेवणारे चिलरही काही करू शकत नाहीत.

कोणते घेऊ नयेत

काही प्रजाती प्रवाळाशिवाय दुसरे काही खातच नाहीत. शेव्हरॉन बटरफ्लायफिश, म्हणजे कीटोडॉन ट्रायफॅशिॲलिस, हे त्यांचे टोकाचे उदाहरण. टेबलासारख्या पसरणाऱ्या ॲक्रोपोरा प्रवाळावर तो आपली हद्द राखतो आणि जवळजवळ त्यावरच जगतो. नारिंगी तिरप्या पट्ट्यांचा ऑर्नेट, काळ्या वळणदार रेघांचा मेयर्स, हिंदी महासागरातला मेलन, आठ उभ्या पट्ट्यांचा एटबँड आणि बॅरोनेस हे याच गटातले. समुद्राचे पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले आणि मेले, की हेच मासे आधी कमी होतात. प्रवाळखडकांची पाहणी करताना बटरफ्लायफिश मोजण्याचा प्रघात पडला तो यामुळेच. जिथे प्रवाळ मेल्यावर मोकळ्या समुद्रातही त्यांना दुसरे अन्न स्वीकारता येत नाही, तिथे घरच्या टँकमध्ये ते गोठवलेली कोळंबी खाऊ लागतील ही अपेक्षा फोल आहे.

पंचाईत अशी की हेच मासे दिसायला सर्वांत देखणे असतात आणि दुकानात स्वस्तही मिळतात. विकणारा ‘सगळं खातो’ असे सांगतो, आणि पहिले काही दिवस मासा खरोखरच तरंगत आलेले एखादे आर्टेमिया, म्हणजे बारीक कवचधारी जीव, टिपतो. त्यावर त्याचे पोट भरत नाही. पाठ हळूहळू खपाटीला जाते आणि चार-सहा आठवड्यांत खेळ आटोपतो. एखादा कसलेला छंदिष्ट त्यांना जगवतोही. पण नवशिक्याने या गटाच्या वाटेला जाऊ नये, आणि ‘बघू तरी’ म्हणून तर मुळीच नाही.

लाइन्ड बटरफ्लायफिश वेगळ्या कारणाने वर्ज्य ठरतो. तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि या कुळातला सर्वांत मोठा मासा आहे. घरगुती टँकमध्ये त्याला वळायलाही जागा पुरत नाही.

कोणते पाळता येतात

पहिल्या बटरफ्लायफिशसाठी ऑरिगा सर्वांत भरवशाचा. पांढऱ्या अंगावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा, मागचा भाग पिवळा, आणि मोठ्या माशाच्या पाठीच्या परामागून निघणारा लांब धागा ही त्याची खूण. पराजवळचा काळा ठिपका लाल समुद्रातल्या ऑरिगाला सहसा नसतो, म्हणून तो नसला तरी मासा वेगळा समजू नये. वाढ २० सेंटिमीटरच्या आसपास. निसर्गात तो कृमी, समुद्रफुले, प्रवाळ, शेवाळ असे बरेच काही खातो. हा चौफेर आहारच त्याला टँकमध्ये तारतो.

त्याच तोडीचा रॅकून, म्हणजे कीटोडॉन लुन्युला. डोळ्यावरच्या काळ्या पट्ट्यामागे पांढरी पट्टी असलेला हा मासा त्याच्या भाऊबंदांपेक्षा वेगळा, तो रात्रीही चरतो. टँकमध्ये आइप्टेशिया नावाची उपद्रवी समुद्रफुले माजली असतील, तर ती खाण्याच्या कामी त्याचा उपयोग होतो. क्लाइन्स बटरफ्लायफिश आकाराने लहान. पंधरा सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, म्हणून मध्यम टँकसाठी तो योग्य. रंगाने तो फारसा भडक नाही आणि दुकानात त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही. टिकाऊपणात मात्र तो कित्येक देखण्या माशांना मागे टाकतो. व्हॅगाबाँड आणि त्याचा हिंदी महासागरातला भाऊ, मागच्या बाजूला काळा असलेला इंडियन व्हॅगाबाँड, हेही बऱ्यापैकी रुळतात.

लाल शेपटीचा कीटोडॉन कोलारे भारतीय दुकानांत बऱ्याचदा दिसतो, कारण तो आपल्याच समुद्रातला आहे. त्याच्याबद्दल एकच एक मत देता येत नाही. निसर्गात तो प्रवाळाचे पॉलिप पुष्कळ खातो. टँकमध्ये काही मासे चार दिवसांत रुळतात, काही शेवटपर्यंत अडून बसतात. तो पहिला मासा म्हणून न घेता, एखादा ऑरिगा वर्षभर नीट सांभाळल्यावर घ्यावा.

बॅनरफिश, म्हणजे पाठीवर लांब पांढरा तुरा असलेले हेनिओकस, याच कुळातले. त्यात एकसारखे दिसणारे दोन मासे आहेत. हेनिओकस अक्युमिनेटस एकटा किंवा जोडीने राहतो आणि २५ सेंटिमीटरपर्यंत जातो. डायफ्रूटिस थोडा लहान असतो, थव्याने राहतो आणि पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातो. पाठीच्या पराचे काटे मोजता आले तर पहिल्याला बहुधा अकरा आणि दुसऱ्याला बारा भरतात. जिवंत प्रवाळाच्या टँकमध्ये दुसरा चालतो, पहिल्याची खात्री नाही. मूरिश आयडॉल या तिसऱ्याच माशाशीही त्यांची गल्लत होते. त्याची शेपटी काळी असते, बॅनरफिशची पिवळी. ही गल्लत महागात पडते, कारण मूरिश आयडॉल पाळणे अतिशय अवघड आहे.

तांबूस पट्ट्यांचा, लांब चोचीचा कॉपरबँड सर्वांना हवा असतो. तो आइप्टेशिया खातो, ही त्याची ख्याती. प्रत्येक कॉपरबँड ती खातोच असे नाही, आणि केवळ त्या कामासाठी आणलेला मासा समुद्रफुले संपल्यावर काय खाणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही. किमान सहा महिने जुना, खडकांत कृमी आणि बारीक जीव पैदा झालेला टँक असल्याशिवाय तो आणू नये. त्याच्यासारख्याच चोचीचा पिवळा लाँगनोज, म्हणजे फोर्सिपिजर फ्लॅव्हिसिमस, त्या मानाने सोपा. पिरॅमिड बटरफ्लायफिश तर प्लवक खाणारा असल्याने गोठवलेल्या अन्नावर लवकर येतो आणि प्रवाळाला सहसा तोंड लावत नाही.

कायदा आणि मासे येतात कुठून

क्लाउनफिशची पैदास आता सर्रास होते. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेलच्या पैदाशीचे तंत्र बसवले आहे. बटरफ्लायफिशचे तसे नाही. त्यांची अंडी पाण्यात सुटी तरंगतात, आणि डोक्याभोवती हाडाच्या पट्ट्यांचे कवच असलेली पिले कित्येक आठवडे खुल्या समुद्रात वाहत राहतात. हा टप्पा टाक्यांत पार पाडणे मोजक्याच प्रजातींपुरते जमले आहे. म्हणजे दुकानातला जवळजवळ प्रत्येक बटरफ्लायफिश समुद्रातून पकडलेला असतो. तो कसा पकडला हेही महत्त्वाचे. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकात सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती इंडोनेशियातही पसरली. असा मासा आधी ठीक दिसतो, कधी खातोही, आणि काही आठवड्यांनी कारण न कळता मरतो. जाळ्याने पकडलेला माल आणणारा व्यापारी शोधावा आणि त्याला चार पैसे जास्त मोजावेत.

प्रवाळाबाबत कायदा कडक आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून आहेत. आपल्या किनाऱ्यावरून जिवंत किंवा मेलेले प्रवाळ, आणि ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकले जाणारे त्याचे दगड उचलणे हा गुन्हा आहे. मालवणच्या समुद्रात तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. टँकसाठी सच्छिद्र सिरॅमिकचे किंवा कृत्रिम दगड घ्यावेत. त्यांवर उपयुक्त जिवाणू वाढायला वेळ लागतो, पण वाढतात.

टँक

एका क्लाइन्ससाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच, म्हणजे सुमारे साडेचारशे लिटरचा टँक हा किमान आकार. ऑरिगा, रॅकून किंवा बॅनरफिश यांना सहा फुटी टँक हवा. त्यात साडेसहाशे लिटरहून जास्त पाणी बसते. दुकानदार तीन फुटी टँकमध्ये तीन बटरफ्लायफिश सोडून देतात, आणि सहा सेंटिमीटरची पिले त्यात काही दिवस गोंडस दिसतातही. साडेचारशे लिटर पाणी, काच, दगड आणि स्टँड मिळून सहाशे किलोंच्या वर वजन जाते. इमारत जुनी असेल तर टँक खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईच्या किंवा भिंतीच्या आधाराने ठेवावा, आणि शंका असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे.

दगड मागच्या भिंतीला चिकटवून रचण्याऐवजी मधूनमधून कमानी आणि कपारी सोडाव्यात. प्रत्येक माशाला रात्रीची स्वतःची जागा लागते. समोर पोहायला मोकळा पट्टा ठेवावा. खोलीत अंधार असताना टँकचा दिवा एकदम लावला, तर झोपलेला मासा बिथरून काचेवर आपटतो. आधी खोलीतला दिवा, मग टँकचा, हा क्रम पाळावा. प्रोटीन स्किमर हवाच, आणि तो टँकच्या आकाराला लागतो त्यापेक्षा एक पायरी मोठा घ्यावा. बटरफ्लायफिशला दिवसातून तीन-चार वेळा खायला घालावे लागते आणि तेवढी घाण पाण्यात उतरतेच.

टँक भरल्यावर पाण्यात थोडा अमोनिया सोडून जिवाणू वाढू द्यावेत. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारी ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतरही बटरफ्लायफिश पहिला मासा म्हणून टाकू नये. आधी एखादा टाकीत पैदा झालेला क्लाउनफिश टाकावा, टँक काही महिने चालू द्यावा, खडकांवर बारीक जीव दिसू लागू द्यावेत.

पाणी, मीठ आणि उन्हाळा

मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत राहणाऱ्याला समुद्राचे पाणी फुकट मिळते, तर ते का वापरू नये, असा प्रश्न पडतो. किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी, तेल आणि परजीवी असतात, आणि पावसाळ्यात खाड्यांचे पाणी मिसळून खारेपणा घसरतो. तयार समुद्री मीठ आणि शुद्ध पाणी हाच भरवशाचा मार्ग. स्वयंपाकाचे किंवा खडे मीठ चालत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी हवी त्या प्रमाणात नसते. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे साडेचारशे लिटरला सोळा किलोंच्या आसपास मीठ लागते.

पाणी आरओचे, आणि त्यापुढे डीआय रेझिनमधून काढलेले हवे. टीडीएस मीटरवर शून्य दिसले पाहिजे. स्वयंपाकघरातला आरओ यासाठी पुरत नाही, कारण पिण्यासाठी चव यावी म्हणून त्यात मूळ पाणी किंवा खनिजे पुन्हा मिसळण्याची सोय असते. बोअरवेलच्या पाण्यावर रेझिन लवकर संपते, त्याचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

खारेपणा विशिष्ट गुरुत्वात १.०२३ ते १.०२६, सामू ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २० पीपीएमच्या आत, तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस. खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. तरंगणारे स्वस्त हायड्रोमीटर चुकतात. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ उडत नाही. म्हणून रोजची घट साध्या शुद्ध पाण्याने भरावी, खाऱ्या पाण्याने नव्हे. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणे पुरेसे.

महाराष्ट्रातली खरी कसोटी तापमानाची. पंप आणि दिवे यांची उष्णता धरून मे महिन्यात टँकचे पाणी खोलीपेक्षाही दोन-तीन अंश वर जाते, आणि कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. पृष्ठभागावर पंखा लावण्याचा उपाय हे कूलरचेच तत्त्व आहे: नागपूर, अकोला, पुण्याच्या कोरड्या हवेत तो चांगला चालतो, मुंबई-कोकणच्या दमट हवेत फारसा नाही. तिथे चिलरला पर्याय नाही. त्याचे विजेचे बिल परवडत नसेल, तर बटरफ्लायफिशचा नादही परवडणार नाही. वीज गेली की तापमानाआधी प्राणवायूचा प्रश्न उभा राहतो. एक वेव्हमेकर इन्व्हर्टरवर जोडून ठेवावा किंवा बॅटरीवर चालणारा एअर पंप तयार असावा.

विकत घेताना

कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या गल्लीत नवा माल आला त्याच दिवशी मासा उचलण्याची घाई होते. आवडलेल्या माशाचे थोडे पैसे आगाऊ देऊन तो आठवडाभर दुकानातच ठेवावा. प्रवासात मरणारे मासे त्या आठवड्यात मरतात. मग जाऊन दुकानदाराला समोर खायला घालायला सांगावे. मासा नुसता अन्नाकडे गेला म्हणून भागत नाही. तोंडात घेऊन थुंकतो की गिळतो, हे पाहावे. समोर न खाणारा बटरफ्लायफिश अर्ध्या किमतीतही घेऊ नये.

माशाकडे वरून पाहावे. डोळ्यांच्या मागची पाठ भरलेली हवी. तिथे दोन्ही बाजूंनी खळगे पडले असतील तर स्नायू झिजू लागले आहेत, आणि असा मासा सहसा सावरत नाही. ओठ फाटलेले किंवा सुजलेले नसावेत, कारण लांब चोचीच्या माशांना पिशवीत आणि जाळीत तिथेच मार लागतो. श्वास फार जलद नको. सात ते दहा सेंटिमीटरचा मासा उत्तम. त्याहून लहान मासा उपासमार सोसू शकत नाही आणि फार मोठा नवे अन्न शिकायला तयार होत नाही.

पुष्कळ दुकाने मीठ वाचवण्यासाठी आणि परजीवींना आळा घालण्यासाठी खारेपणा कमी ठेवतात. कमी खारेपणातून जास्तीत एकदम नेल्यास माशाला त्रास होतो. म्हणून नव्या माशाला आधी वेगळे ठेवायच्या क्वारंटाइन टाकीतले पाणी आधीच दुकानाच्या खारेपणाला आणावे आणि नंतर तिथेच तीन-चार दिवसांत हळूहळू चढवावे. लांबून आलेली पिशवी उघडून तासन् तास थेंबथेंब पाणी सोडत बसू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडने सामू उतरलेला असतो आणि अमोनिया त्यामुळे सौम्य राहतो. पिशवी उघडताच सामू चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. पिशवी बंदच ठेवून तापमान जुळवावे, मग उघडून मासा लगेच हलवावा आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे.

क्वारंटाइन चार ते सहा आठवड्यांचे. शंभर लिटरची साधी टाकी, जुन्या टँकमध्ये मुरवलेला स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे एवढे पुरते. ही टाकी फक्त रोगासाठी नसते. मुख्य टँकमध्ये सर्जनफिश आणि डॅमसेल अन्नावर तुटून पडत असताना नवखा बटरफ्लायफिश कोपऱ्यात उभा राहतो. इथे त्याला एकट्याला, कोणाच्याही धाकाशिवाय खायला शिकता येते. दिवसाला तीनदा खाणारा आणि हाताची चाहूल लागताच पुढे येणारा मासाच मुख्य टँकमध्ये जावा.

अन्न

अडून बसलेल्या माशासाठी सर्वांत गुणकारी गोष्ट कोळणीच्या पाटीत मिळते. ताज्या तिसऱ्या किंवा शिणाणे आणून, उघडून, मांस शिंपल्यात तसेच ठेवून तो शिंपला दगडावर ठेवावा. मासा खडकावरून टिपून खातो, वर तरंगणारे अन्न त्याच्या ओळखीचे नसते. शिंपल्यातले मांस त्याला आपल्या सवयीने टिपता येते. कॉपरबँड तर बऱ्याचदा इथूनच खायला लागतो. तिसऱ्या स्वच्छ खाडीतल्या असाव्यात, आणि काही दिवस डीप फ्रीझमध्ये गोठवून मगच द्याव्यात. त्याने बरेचसे परजीवी मरतात. तीन-चार तासांनी उरलेला शिंपला न विसरता बाहेर काढावा.

मासा शिंपल्यावर आला की त्या मांसात गोठवलेले मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, मिसळावे आणि तिसऱ्यांचे प्रमाण कमी करत न्यावे. कोळंबी आणि माकूळ बारीक चिरून, त्यात नोरी आणि लसणाचा थोडा रस घालून घरचे मिश्रणही करता येते. लसणाने रोग बरा होतो हा समज मात्र निराधार आहे. वासाने मासा जवळ आला तर तेवढाच फायदा. आर्टेमिया पोषणाला अपुरे, ते फक्त भूक चाळवायला वापरावे. कच्च्या शिंपल्यांत आणि कोळंबीत थायामिनेज हे जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारे द्रव्य असते, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा अन्नावर जीवनसत्त्वांचे थेंब टाकावेत. जिवंत ट्युबिफेक्स गटारातून येतात, ते वर्ज्यच. हळूहळू समुद्री माशांसाठीचे दाणेही काही मासे घेऊ लागतात. घेतले तर उत्तम, न घेतले तर त्यासाठी मासा उपाशी ठेवू नये.

एकदाच भरपूर घालण्यापेक्षा थोडे थोडे तीन-चार वेळा घालावे. पाठीची जाडी हाच तराजू. दर रविवारी वरून एक फोटो काढून मागच्या फोटोशी ताडून पाहिला, की झीज डोळ्यांना जाणवण्याआधी कळते.

सोबती

क्लाउनफिश, कार्डिनलफिश, गोबी, ब्लेनी हे निरुपद्रवी सोबती. ट्रिगरफिश आणि आक्रमक डॅमसेल नकोत. सर्जनफिश ठेवायचाच असेल तर बटरफ्लायफिश रुळल्यावर, सर्वांत शेवटी आणावा. दिसायला सारखे दोन बटरफ्लायफिश भांडतात. जोडी हवी असेल तर दुकानात एकत्र हिंडणारे दोन लहान मासे एकाच वेळी आणावेत. जिवंत प्रवाळाच्या टँकमध्ये पिरॅमिड आणि डायफ्रूटिस यांच्यापलीकडे जाऊ नये. इतर बटरफ्लायफिश झोअँथिड, मांसल प्रवाळ आणि पिसारा-कृमी खातात. त्यांच्या दृष्टीने तो चारा आहे.

रोग

मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके हे क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे लक्षण. तो माशावर तीन ते सात दिवस राहतो, मग गळून पडून टँकच्या तळाशी वाढतो आणि पुन्हा हल्ला करतो. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असे समजणारे इथे फसतात. सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे माशाला दर ७२ तासांनी कोरड्या, स्वच्छ टाकीत नवे पाणी भरून हलवणे, असे चार वेळा. परजीवीला पुन्हा उठायला वेळ मिळत नाही. दुसरा उपाय तांब्याचा: कॉपर सल्फेटचे तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, रोज किटने मोजून, दोन-तीन आठवडे. बटरफ्लायफिश तांब्याने खाणे टाकण्याचा संभव असतो, म्हणून मात्रा एकदम न देता तीन-चार दिवसांत चढवावी. मुख्य टँकमध्ये तांबे कधीही टाकू नये. कृमी, शंख आणि प्रवाळ त्याने मरतात. मुख्य टँक तेवढ्यात किमान सहा आठवडे माशांविना ठेवावा.

अंगावर पिवळसर धूळ, श्वास जलद आणि मासा प्रवाहापाशी खिळलेला, असे दिसले तर तो अमायलूडिनियम. त्यात तास मोजले जातात आणि टाकी बदलण्याचा उपाय चालत नाही, तांबेच लागते. बाजूवर लाल, खरचटल्यासारखा डाग पडून पसरू लागला तर यूरोनेमाचा संशय घ्यावा. बटरफ्लायफिशला तो विशेष होतो, जखम समजून दुर्लक्षिला जातो आणि आत पोहोचल्यावर आवरत नाही. डोळा धुरकट आणि अंग दगडावर घासणे ही फ्लूक कृमींची खूण. तापमान आणि सामू जुळवलेल्या गोड्या पाण्यात पाच मिनिटे मासा ठेवला, की फ्लूक पांढरे पडून गळताना दिसतात आणि निदान पक्के होते. पुढे क्वारंटाइनमध्ये प्राझिक्वांटेल. परांवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या पांढऱ्या गाठी आल्या तर त्या लिम्फोसिस्टिस या विषाणूच्या. दिसायला वाईट, पण त्यांना औषध नाही आणि नकोही. चांगले पाणी आणि चांगले खाणे मिळाले की त्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप जातात. औषधांचा भडिमार केल्याने मात्र मासा खाणे सोडतो.

गावाला जाताना

दाणे टाकणारे स्वयंचलित यंत्र इथे कामाचे नाही, कारण बहुतेक बटरफ्लायफिश गोठवलेल्या अन्नावर असतात. चार-पाच दिवस बाहेर राहायचे असेल तर प्रत्येक वेळचे अन्न वेगळ्या छोट्या पुडीत बांधून, वार लिहून, शेजाऱ्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवावे. दिवसाला दोन पुड्या, टँकच्या पाण्यात वितळवून. उरलेल्या पुड्या एकदम टाकू नयेत हे बजावून सांगावे. रोजची पाण्याची घट भरायला फ्लोटवर चालणारी टॉप-अपची व्यवस्था निघण्याआधी आठवडाभर चालवून पाहावी, आणि वीज गेल्यास एअर पंप कुठे आहे व कसा लावायचा हे त्यांना एकदा प्रत्यक्ष दाखवून ठेवावे.